घंटीवरची फुली

लिफ्टचं दार मिटता मिटता तिनं पाय आत घातला, आणि सगळ्याला सुरुवात झाली ती तिथून.

खरं तर लिफ्टनं ती कधी जातच नसे. जिना, आणि तोही दोन-दोन पायऱ्या एका दमात. वॉर्डात सगळे तिला घाईताई म्हणत ते काही उगाच नाही. पण त्या दुपारी हातात रक्ताच्या पिशवीचा डबा होता आणि पायांनी सकाळपासूनच संप पुकारला होता. आत एक माणूस उभा होता. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात तीन स्क्रूड्रायव्हर. शेजारी चाकांच्या गाडीवर एक मॉनिटर – पेशंटच्या उशाशी असतो ना, नाडी आणि प्राणवायूचे आकडे दाखवणारा, तसला. तो वाजत होता.

टिंग… टिंग… टिंग.

तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. मोकळा हात आपसूक पुढे गेला, अंगठा उजव्या कोपऱ्यातल्या बटणावर पडला. आवाज थांबला. आणि पडदाही काळा झाला.

दोघंही त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

"चार तास अठरा मिनिटं," तो माणूस म्हणाला.

"काय?"

"बॅटरी किती वेळ टिकते ते बघत होतो. सकाळपासून. शेवटची दोन-चार मिनिटं राहिली होती."

तिच्या कानशिलांवर ऊन आलं. "मला वाटलं…"

"काय वाटलं?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. पण तिला काहीच वाटलं नव्हतं. अंगठ्यानं परस्पर निर्णय घेऊन टाकला होता.

"जुन्या मॉनिटरवर त्या जागी आवाज बंद करायचं बटण असतं," तो म्हणाला. "घंटीवर फुली काढलेलं. नव्यावर तिथंच मशीन बंद करायचं ठेवलंय. चूक बनवणाऱ्याची. पण एक विचारू का, सिस्टर? दाबायच्या आधी बघितलंत, ते काय म्हणत होतं?"

"मशीन काय म्हणणार? सगळी एकच म्हणतात."

तो हसला. डाव्या गालाला एक लहानशी खळी पडली आणि लगेच बुजली. त्यानं खिशातून वही काढली, दोन ओळी लिहिल्या, वही परत खिशात.

"काय लिहिलंत?"

"तुमचा मजला आला."

दार उघडलं होतं. ती बाहेर पडली खरी, पण वॉर्डाच्या दारापर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हसत हसत लिहिणारा माणूस… अशांपासून चार हात लांब राहावं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस मेट्रनबाईंचं पत्र घेऊन तिच्या वॉर्डात हजर झाला.

तो दवाखान्याच्या यंत्रविभागात नवा लागला होता. वॉर्डातल्या अठराही मॉनिटरांच्या पोटात साठलेली गेल्या दोन महिन्यांची माहिती काढून घ्यायची, एवढंच पत्रात होतं. वॉर्डातल्या मावशींनी झाडू भिंतीला टेकवून त्याची पुरती चौकशी सुरू केली. मावशी या वॉर्डात बावीस वर्षं होत्या. डॉक्टर येत-जात, मावशी राहत.

"मशीनदादा, यांच्या पोटात माहिती असते होय? मला वाटलं नुसत्या बोंबलतात."

"बोंबलतात, आणि कधी बोंबलल्या तेही लक्षात ठेवतात. कुठल्या खाटेवरचा मॉनिटर किती वाजता वाजला, किती वाजता कुणी गप्प केला, सगळं."

"आणि काय करायचं ते घेऊन?"

तो खाली गुडघ्यावर बसून वायर लावत होता. तसाच वर बघून म्हणाला, "मावशी, वर्गात एखादं मूल दर मिनिटाला 'बाई, बाई' करतं. बाई वर बघतात, तर पेन्सिल पडलेली. पुन्हा 'बाई', तर खिडकी उघडी. असं शंभर वेळा झालं. एकशे एकाव्या वेळी बाई काय करतील?"

"बघणार नाहीत."

"आणि नेमकं तेव्हाच त्याला खरंच लागलेलं असतं."

औषधांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या घाईताईच्या हातातली बाटली घसरली. तिनं ती वरच्या वर झेलली. 

कारण अशी एक एकशे एकावी वेळ तिच्या वाट्याला येऊन गेली होती.

तीन आठवड्यांपूर्वी. दुपारी दोननंतर. जोडीची नर्स एका पेशंटला घेऊन ऑपरेशनला गेलेली, अठरा खाटा आणि ही एकटी. सात नंबरला पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. त्यांचा मॉनिटर दिवसभर वाजायचा, कारण बोटाला लावलेला चिमटा ते झोपेत काढून टाकत. तो वाजला. तिनं जाता जाता फुलीचं बटण दाबलं. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. पुन्हा दाबलं, नजर बारा नंबरच्या सलाइनवर ठेवून. आणखी दोन मिनिटं गेली असतील-नसतील, मावशींचा आवाज आला. "बाई, आजोबांचे ओठ बघा."

चिमटा बोटावरच होता. भिंतीतून येणारी प्राणवायूची नळी निसटून लोंबत होती.

तिनं नळी बसवली. दहा-बारा श्वासांत आजोबांचा रंग परत आला, संध्याकाळी ते खुशाल पेपर वाचत बसले, आठवड्यानं घरी गेले. नोंदवहीतल्या अडीच वाजताच्या रकान्यात तिनं लिहिलं ते बरोबरच होतं, अडीचला सगळं ठीकच होतं. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. फक्त खरं लिहायचं राहिलं होतं.

ते राहिलेलं तिनं कुणाला सांगितलं नाही. मावशी समजून गप्प बसल्या. आणि तेव्हापासून घरी कपडे धुवायचं मशीन वाजलं तरी ती ताडकन उठून हात पुढे करायची. आई म्हणायची, "अगं, कपडे धुतले गेले, कुणी गेलं नाही. बस." ती बसायची. जेवण पुढ्यात तसंच राहायचं. पूर्वी पेशंट घरी निघाला की ती दारापर्यंत जायची. हल्ली खाट रिकामी झाली, एवढंच तिच्या लक्षात यायचं. कपाटात चार घड्या घातलेला राजीनामा होता. तारीख तेवढी घालायची होती.

आणि आता हा माणूस सात नंबरच्या खाटेशी गुडघ्यावर बसून, शीळ घालत, मशीनच्या पोटातून सगळं काढून घेत होता.

*

चोराच्या मागे लागलेला माणूस दमदाटी करतो, असं तिला वाटायचं. हा तर उलट गोडीत शिरला. तिचा संशय त्यानं दुप्पट झाला.

परिचारिकांच्या टेबलापाशी खुर्ची मोडकी होती. एका सकाळी तिथं नीट चाकांची खुर्ची आली. "दुरुस्त करून पडली होती," तो म्हणाला. तिला वाटलं, आता ही कधी बसते ते बघणार. तो विचारायचा, "आज किती जणी आहात?" तिला वाटायचं, बोलतं करतोय. आणि एके दिवशी दुपारी पावणेचारला तो वॉर्डाच्या दारात येऊन म्हणाला, "दहा मिनिटं आहेत? एक जागा दाखवायचीय."

"कसली जागा?"

"संशयास्पद अजिबात नाही. मावशींना विचारून आलोय."

"जा बाई," मावशी म्हणाल्या. "मी आहे, त्या सिस्टर आहेत. दहा मिनिटांत वॉर्ड पळून जात नाही."

धुलाईघराच्या मागे एक बाक होता. दोरीवर पांढऱ्या चादरी वाऱ्यानं फुगत होत्या, आणि गरम वाफेचा, साबणाचा वास येत होता. ती बसली. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, काहीच वाजत नव्हतं.

"आवाज मोजायचं मशीन घेऊन सगळी इमारत फिरलो," तो म्हणाला. "सगळ्यात शांत जागा हीच निघाली. गच्चीसुद्धा नाही. गच्चीवर पंखे आहेत."

"आणि हे मला का दाखवताय?"

"कुणाला तरी दाखवायला हवीच होती."

"दवाखान्यात साडेतीनशे माणसं आहेत."

"हो. पण त्यातल्या एकीनंच माझी चार तास अठरा मिनिटं वाया घालवली. म्हटलं, हिच्याकडून दहा तरी वसूल करावीत."

ती हसणार होती. अगदी ओठांपर्यंत आलं होतं… तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. बारीक, दोनदा. त्यानं न बघताच, खिशात हात घालून अंगठ्यानं तो बंद केला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

हसू जागच्या जागी विरलं. ही काय भानगड?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बाक, आणि पुन्हा बरोबर तीन पन्नासला तोच आवाज. तिसऱ्या दिवशी तिनं आधीच घड्याळावर डोळा ठेवला. तीन पन्नास. टिंग-टिंग. अंगठा. लाल कान.

म्हणजे असं होतं तर. सिस्टर कामाच्या वेळेत किती मिनिटं बसतात, त्याची नोंद.

तरी ती रोज जात राहिली. का, ते तिनं स्वतःला असं समजावलं की शत्रूवर नजर ठेवायला हवी. नजर ठेवता ठेवता तिला कळलं की त्याच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे. की तो चहात बिस्कीट बुडवतो आणि दर वेळी तुकडा आत पडतो, आणि दर वेळी त्याला नव्यानं आश्चर्य वाटतं. की तो बोलताना हाताशी काही ना काही जुळवत असतो, चादरीचे चिमटेसुद्धा. मोठे एकीकडे, लहान एकीकडे.

"तुम्ही माझ्याकडे असं का बघता?" त्यानं एकदा विचारलं.

"असं म्हणजे?"

"पावती मागितल्यासारखं."

"कारण तुम्ही उगाच चांगले वागता. मला उगाच चांगलं वागणाऱ्या माणसांची भीती वाटते."

"मग थोडा वाईट वागू?"

"जमेल का?"

त्यानं विचार केला. तिच्या बशीतलं शेवटचं बिस्कीट उचललं आणि खाल्लं. "जमलं?"

या वेळी मात्र हसू सुटलं. हे हसणं इतक्या दिवसांनी आलं होतं, की तिला स्वतःलाच ते परक्याचं वाटलं.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी, पाळी संपवून निघताना, मेट्रनबाई जिन्यात भेटल्या. चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, हल्ली दुपारी धुलाईघरामागं बसता म्हणे?" आणि उत्तराची वाट न बघता वर निघून गेल्या.

ती तिथंच कठडा धरून उभी राहिली. सांगितलंच तर त्यानं. बिस्कीट खाऊन वर सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी ती बाकावर गेलीच नाही. तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत गेली. निमित्त अकरा नंबरच्या तुटलेल्या चिमट्याचं होतं. मनात मात्र भांडणाची चांगली चार वाक्यं तयार होती.

खोलीत कुणी नव्हतं. फळ्यांवर उघडे पडलेले मॉनिटर, डब्यांत आकाराप्रमाणे लावलेले स्क्रू, टेबलावर छापील कागदांची चळत. सगळ्यात वरच्या कागदावर तिच्या वॉर्डाचा क्रमांक. मधोमध एका ओळीभोवती लाल पेनानं काढलेलं वर्तुळ.

खाट ७. दोन वाजून बारा मिनिटं.

भांडणाची चारही वाक्यं विसरली. 

"अरे, तुम्ही इथं? मी बाकावर वाट बघून आलो." तो दारात होता, दोन हातांत दोन कप.

"हे मला कधी सांगणार होतात?" तिनं त्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"सोमवारी बैठक आहे. तिथं सगळ्यांनाच सांगणार आहे."

"सगळ्यांना. वा. म्हणजे इकडे लाल वर्तुळ करून ठेवायचं आणि तिकडे चहा पाजायचा. खुर्ची द्यायची. माझी मिनिटं मोजायची, मेट्रनबाईंच्या कानावर घालायची. एकदाच काय ते तोंडावर म्हणायचं होतंत, की सिस्टर, त्या दिवशी सात नंबरच्या आजोबांचा मॉनिटर तुम्ही दोनदा न बघता बंद केलात, आणि नळी निसटली होती, आणि तुम्ही ते कुठंही लिहिलं नाहीत."

तो हलला नाही. कप तसेच हातात. मग त्यानं ते अगदी हळू टेबलावर ठेवले.

"सिस्टर," तो म्हणाला, "या कागदावर नाव कुठंय?"

तिनं पाहिलं. खाट. वेळ. घंटी. आवाज बंद. पुन्हा घंटी. पुन्हा आवाज बंद. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं तो कागद वाचला. नाव कुठंच नव्हतं.

"मशीनला बोट कळतं," तो म्हणाला. "कुणाचं ते कळत नाही. आणि नळीचं तर मला माहीतच नव्हतं."

जे इतके आठवडे दाताखाली धरून ठेवलं होतं, ते तिनं आपणहून त्याच्या पुढ्यात ओतलं होतं. ती स्टुलावर बसली.

"मग वर्तुळ कशाला?"

त्यानं दुसरा कागद ओढला. "कारण त्या चार मिनिटांत एकट्या तुमच्या वॉर्डात सदतीस वेळा घंटी वाजली. मी बाकीच्या एकेक तपासत होतो. चिमटा निसटलेला, हात हललेला, वायर सैल झालेली. सात नंबरच्या या दोन घंट्यांचा अर्थच लागत नव्हता, म्हणून वर्तुळ केलं. म्हणजे पस्तीस फुकटच्या आणि दोन खऱ्या, आणि सगळ्यांचा आवाज सारखाच." त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. "हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे."

"कुणाविरुद्ध?"

"घंट्यांविरुद्ध. आणखी कुणाविरुद्ध असणार?"

तिनं कप जवळ ओढला. "ती ओळ खोडाल?" तिनं विचारलं. विनंती होती की परीक्षा, तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

"नाही."

त्या एका शब्दानं तिला राग यायला हवा होता. आला नाही. उलट जिन्यावर अंधारात पाय टाकावा आणि खाली पायरी सापडावी, तसं काहीसं झालं.

"ओळ खोडली तर उद्याच्या सात नंबरला कोण वाचवणार?" तो हळूच म्हणाला. "पण नाव मी लिहिणार नाही. ते माझ्या कागदावर नाहीच. ते तुमच्यापाशी आहे. ठेवायचं की द्यायचं, तुम्ही ठरवा."

"आणि लिफ्टमध्ये काय लिहिलं होतंत?"

त्यानं वही काढून समोर धरली. पहिली ओळ – 'नव्या मॉनिटरच्या बटणाची जागा चुकीची, बनवणाऱ्यांना कळवणे.' त्याखाली – 'इमारतीतली सगळ्यात शांत जागा शोधणे.'

"कुणासाठी?"

"त्यातही नाव नाहीये," तो म्हणाला, आणि कान लाल झाले.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. नर्सचा संशय असा एका कपात बुडून मरत नाही. "आणि तो फोन? रोज तीन पन्नासला?"

"ते…" त्यानं एक स्क्रू उचलून चुकीच्या डब्यात टाकला. "ते वेगळं आहे. सोमवारनंतर सांगतो."

वर आल्यावर मावशींनी तिचा चेहरा पाहिला. "मेट्रनबाईंना बाकाचं कुणी सांगितलं, मावशी?"

"मी सांगितलं की. म्हटलं, आमच्या बाई आता दहा मिनिटं बसतात, जरा माणसात आल्यात. का? सांगायचं नव्हतं?"

*

सोमवारी बैठकीच्या खोलीत मोठे डॉक्टर होते, मेट्रनबाई होत्या, सगळ्या वॉर्डांच्या नर्स भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यानं आकडे सांगितले. एका वॉर्डात एका दिवसात अकराशे शेहेचाळीस घंट्या. खरोखर धावून जावं अशा बासष्ट. मोठे डॉक्टर पेनाशी चाळा करत म्हणाले, "आकडे ठीक आहेत. पण त्यानं प्रत्यक्षात काही बिघडलंय का? एखादं उदाहरण?"

 तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही, मुद्दाम खिडकीकडे पाहिलं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता त्याला. तो खिडकीतल्या झाडाकडे बघत राहिला.

तेव्हा तिच्या मनातला शेवटचा संशय गळून पडला. आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण इतके दिवस संशय खरं तर कुणाचा घेत होतो.

"आहे," ती म्हणाली. "उदाहरण मी आहे."

तिनं सगळं सांगितलं. नळी, ओठ, अडीचचा रकाना. सांगताना वाक्य एकही मोडलं नाही. शेवटी म्हणाली, "मी वाईट नर्स आहे का, ते मला ठाऊक नाही. मी दमलेली नर्स आहे, हे ठाऊक आहे. ते मी आधी सांगायला हवं होतं."

 भिंतीपाशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणीतरी.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "त्या वेळी वॉर्डात किती जणी होतात?"

"मी एकटी."

मेट्रनबाईंनी समोरची फाइल उघडली, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं. "ड्यूटीचा तक्ता माझा आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "खाली सहीसुद्धा माझीच आहे. चौकशी करायची तर दोघींची करा."

चौकशी झाली. तिला सगळं लिहून द्यावं लागलं आणि आजोबांना स्वतः फोन करून सांगावं लागलं. आजोबांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, पोरी." ती हो म्हणाली. तेच पुढं म्हणाले, "त्या दिवशी पाळी संपल्यावर तू माझा हात धरून अर्धा तास बसलीस. मला वाटलं, माझी वेळ भरली आणि ही सांगत नाहीये. तो घोर तरी गेला." फोन ठेवल्यावर ती पोट भरून रडली आणि त्यानंतर पोट भरून जेवली. आईनं पुन्हा वाढलं.

सगळं रातोरात बदललं असं नाही. पण दुपारच्या पाळीला तिसरी नर्स आली. कुठल्या पेशंटचा मॉनिटर कुठल्या आकड्याला वाजायचा, ते डॉक्टर रोज सकाळी खाटेशी उभे राहून ठरवू लागले. घंट्या निम्म्यावर आल्या. आणि मेट्रनबाईंनी तिला आठ दिवसांची रजा दिली, मागितली नसताना. कपाटातला राजीनामा तिनं काढला, तारखेच्या रिकाम्या जागेकडे क्षणभर बघितलं, आणि त्या कागदात बाकावर न्यायची बिस्किटं बांधली.

*

रजेवरून आली त्या दुपारी तो बाकावर आधीच बसला होता. चादरी वाऱ्यानं फुगल्या होत्या. चिमटे लावून झाले होते, मोठे एकीकडे, लहान एकीकडे.

"वॉर्ड कसाय?" त्यानं विचारलं.

"शांत. इतका, की मला चार नंबरच्या बाईंचं घोरणं ऐकू आलं. सहा महिने इथं काढून मला माहीत नव्हतं, खिडकीबाहेर कबुतरं घुमतात."

"आठ दिवस काय केलंत?"

"झोपले. आईशी भांडले. पुन्हा झोपले. आणि एकाला सोमवारनंतर काहीतरी सांगायचं होतं, ते काय असेल, याचा विचार केला."

त्यानं घसा साफ केला. बिस्कीट चहात पडलं. आणि तीन पन्नास झाले.

टिंग-टिंग.

सवयीनं तिचा हात उठला. अंगठा पुढे झाला… आणि थबकला. त्याचाही अंगठा खिशाकडे निघाला होता. तिनं त्याचं मनगट धरलं.

"दाबायच्या आधी बघितलंत," ती म्हणाली, "ते काय म्हणतंय?"

"मला माहीत आहे ते काय म्हणतंय."

"मला नाही माहीत."

त्यानं फोन काढून तिच्या हातात दिला आणि चादरींकडे तोंड फिरवलं. पडद्यावर एकच ओळ होती. 'आज सिस्टरला विचार.' खाली दोन बटणं. एकावर 'नंतर', दुसऱ्यावर 'झालं'.

"हे रोज वाजायचं?"

"रोज."

"आणि तुम्ही रोज 'नंतर' दाबायचात? न बघता?"

"रजेवर होतात तेव्हासुद्धा."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"खोटं. मोजल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही."

"एकोणीस," तो चादरींना म्हणाला.

ती हसू लागली. दवाखान्याला न बघता घंट्या दाबू नका म्हणून शिकवणारा माणूस! "बरं, विचारायचं काय होतं?"

"फार मोठं नाही. म्हणजे… आहे. या बाकावर दहा मिनिटं बसता. तेवढ्यात माझं भागत नाही."

"मग किती हवीत?"

"ती मोजायची नाहीत, असं ठरवलंय."

वाऱ्यानं एक चादर सुटून दोघांच्या मधे आली. तिनं ती हातानं बाजूला केली. त्याच्या भुवईतला पांढरा केस उन्हात चमकत होता. तिनं स्वतःच्या मनात नीट डोकावून बघितलं, संशय कुठं उरलाय का. एक होता. हा माणूस बिस्किटं फार खाणार.

"माझ्या घरी कपडे धुवायचं मशीन वाजलं की मी अजून दचकते," ती म्हणाली. "एकदा येऊन जा."

"हो, येतो ना. बघून देतो. त्याचा आवाज कमी करता—"

"दुरुस्तीला नको," ती म्हणाली. "नुसता ये."

त्या 'ये'वर त्यानं तोंड वळवलं. तिच्याकडे बघितलं, मग काही बोलायला ओठ उघडले, आणि फोन पुन्हा वाजला. टिंग-टिंग.

तिनं पडदा नीट वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

आणि मग 'झालं' दाबलं.